थंडीत वर आलेलं लोखंड

स्टुलाचा मागचा पाय जमिनीत गेला आणि आत काहीतरी वाजलं. मोठा आवाज नव्हता; वाटीवर चमचा टेकावा तेवढाच. तिनं तिकडे लक्ष दिलं नाही. मांडीवरची फळी सरळ केली, त्यावरचा कागद चिमट्यांत नीट बसवला, आणि स्टूल पक्कं व्हावं म्हणून सवयीनं अंगाचा भार एकदा मागे टाकला. पाय आणखी बोटभर खाली सरकला, कशाच्या तरी कडेवर घासला आणि अडकला. दगडाचा आवाज बोथट असतो. हा पोकळ होता, आणि तो कानाच्या आधी माकडहाडाला कळला. तिनं मान वळवून खाली पाहिलं. कालच्या उन्हानं सैल झालेली माती पायाभोवती फाटली होती आणि त्या फटीत गंज दिसत होता. आधी तिला रंगच दिसले: खाली जळका नारिंगी, वर तपकिरी, कडेला थोडा जांभळा. मनानं पेन्सिली निवडूनही ठेवल्या. मग गोलाई दिसली. मातीत आपोआप होत नाही इतकी एकसारखी गोलाई, आणि तिच्याभोवती बांगडीसारखी फिरलेली एक खाच. मांडीवरून पेन्सिलींचा डबा घसरला. तो पकडायला तिचा हात गेला आणि अर्ध्यावर थांबला. पेन्सिली गोठलेल्या गवतावर विखुरल्या. ती हलली नाही.

रखवालदारानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "बाई, पायवाट सोडून बसू नका. हिवाळ्यात ही जमीन लोखंड ओकते." मातीतलं पाणी गोठतं, फुगतं, आणि शंभर वर्षांपूर्वी गाडलं गेलेलं एकेक काहीतरी वर ढकलतं. बटणं, पट्ट्यांची बकलं, काडतुसं, आणि कधीकधी अख्खा तोफगोळा, जसा पडला होता तसा, न फुटलेला. परसातल्या बटाट्यांबद्दल बोलावं तसा तो बोलत होता. तिनं मान डोलावली होती आणि तेव्हापासून एकदाही पायवाट सोडली नव्हती. सोडणार कशी? घराबाहेर पडताना गॅसचं बटण पुन्हा पुन्हा बघणारी, लिफ्टमध्ये अनोळखी माणूस असला तर जिन्यानं जाणारी बाई ती. पण आज समोरच्या शिपायाचा चेहरा पायवाटेवरून दिसेना. मध्ये एक काटेरी झुडूप होतं. बाकी सगळा शिपाई कालपर्यंत कागदावर उतरला होता, बूट, पट्टा, खांद्यावरची बंदूक, चौथऱ्यावर कोरलेली 'येथे ते डगमगले नाहीत' ही अक्षरं. चेहऱ्याच्या जागी मात्र कोरा कागद होता. तो तसाच सोडून जाणं तिच्या हाताला जमलं नाही. आयुष्यभर भिऊन वागणाऱ्या माणसाचा घात कुठे होतो तर कामाच्या नादात, असं तिच्या मनात आलं, आणि ते इतकं खरं वाटलं की तिला हुंदका आला. तो तिनं गिळला. हुंदक्यानं अंग हलतं.

निवृत्त होईपर्यंत तिनं पाठ्यपुस्तकांसाठी चित्रं काढली होती. बेडकाची वाढ, फुलाचे भाग, डोंगरावरून समुद्राकडे जाणारी नदी. त्यानंतर नवरा गेला, लेक नोकरीसाठी परदेशी गेली, आणि घरातल्या दोन खोल्या एकदम मोठ्या झाल्या. तेवढ्यात शहराच्या संग्रहालयानं हे काम दिलं: शहराबाहेरच्या जुन्या रणभूमीवरच्या स्मारकांची चित्रं, एका छोट्या पुस्तकासाठी. फोटो होतेच, पण संग्रहालयाची प्रमुख म्हणाली, "फोटोत सगळे दगड एकसारखे मेलेले दिसतात हो." हिवाळाच हवा होता, कारण उन्हाळ्यात झाडोऱ्यात निम्मी स्मारकं गडप होतात. आणि हिवाळ्यात रंगीत पेन्सिलीच हव्या, कारण ब्रशातलं पाणी कागदाला लागायच्या आधी गोठतं. पेन्सिलीही थंडीत कडक होतात. त्यांच्यातलं मेण रुसतं, कागदावर नुसतं घसरतं. म्हणून ती दोन-दोन पेन्सिली स्वेटरच्या आत, काखेशी धरून ऊब द्यायची. दगड करडा नसतो हे तिला या मैदानानं शिकवलं होतं. आधी फिकट पिवळा द्यायचा, त्यावर हिरवट, मग जांभळा, आणि करडा अगदी शेवटी, तोही नावापुरता. आता तिच्या मुठीत एकच पेन्सिल उरली होती, गडद जांभळी. बाकीच्या खाली पडल्या होत्या. पडलेल्या पेन्सिलीचं शिसं आतल्या आत तुटतं, वरून काही कळत नाही. किती तुटल्या असतील, असा हिशोब मन करू लागलं. मनाला काहीतरी हवंच होतं.

फोनची पिशवी त्या झुडपाला अडकवलेली होती. हात लांबवला तर पोचला नसता, आणि लांबवायची छातीही नव्हती. हाक मारायला तोंड उघडलं तर आवाजच निघेना. शेवटी निघाला तो दुसऱ्याच कुणाचा तरी, लहान मुलीसारखा चिरका. रखवालदार सायकलवरून फेरीला निघाला होता. लांबूनच त्यानं हात केला, मग तिच्या बसण्यात काहीतरी वेगळं दिसलं असावं, कारण तो उतरला आणि सायकल तशीच आडवी टाकून पायवाटेच्या कडेला येऊन थांबला.

"काय झालं बाई?"

"स्टुलाखाली काहीतरी आहे. गोल. लोखंडाचं."

त्यानं वाकून, मान तिरपी करून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना तिनं पाहिला आणि ते पाहिलं नसतं तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

"स्टुलाचा पाय त्यात रुतलाय का?"

"अडकलाय."

"मग उठू नका. श्वास घ्या, पण उठू नका. मी फोन करतो." तो दोन पावलं मागे गेला, पुन्हा पुढे आला. "आणि बाई, मला लांब थांबावं लागेल. नियम आहे तसा. पण तुम्हाला दिसेन असाच थांबतो. घरी कुणाला कळवायचं?"

लेकीचा नंबर तिला पाठ होता. शेजारणीचा होता. तिनं सांगितला तो दादाचा, आणि सांगून झाल्यावर स्वतःच चपापली. दादाशी बोलणं व्हायचं ते वाढदिवसाला, आणि कुणी आजारी पडलं तर. एकाच शहरात राहून. दादा घराबाहेर फारसा पडत नसे, आणि शहराच्या या टोकाला तर तो जन्मात फिरकला नव्हता. बसमधून या मैदानाचं फाटक दिसतं म्हणून तो दुसऱ्या मार्गाची बस धरायचा. हे कुणी कधी बोललं नव्हतं. त्यांच्या घरात बऱ्याच गोष्टी न बोलता माहीत असत.

लहानपणी तिला भित्री भागूबाई म्हणत. वडील शाळेत कवायतीचे मास्तर होते. छाती पुढे, हनुवटी वर, आवाज असा की गल्लीतली कुत्रीसुद्धा सावधान उभी राहतील, असं आई म्हणायची. अशा माणसाच्या पोटी ही पालीला, विजेला, दाराच्या घंटेला भिणारी पोर. "आमच्या घरात भिण्याचं सगळं काम एकटी भागूबाईच करते," वडील पाहुण्यांना सांगत, आणि पाहुणे हसत, आणि तीही हसे, कारण त्या हसण्यात लाडही होता. दादा तिच्याहून दहा वर्षांनी मोठा. तो लढाईवर गेला तेव्हा वडिलांनी त्याचे बूट स्वतःच्या हातानं चमकवले होते. पहिल्या सुट्टीवर तो आला तेव्हा बारीक झाला होता, पण हसत होता. परत जायच्या दिवशी सकाळी तो स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून चहा पीत होता. बॅग दाराशी होती. वडील म्हणाले, "चल, ऊठ आता." दादानं कपातच पाहिलं. वडील पुन्हा म्हणाले. मग शाळेच्या मैदानावर काढत तो आवाज काढला, "ऊठ." कपाट वाजलं त्यानं. दादा उठला नाही. कपातला चहा गार झाला, त्यावर साय आली. आई म्हणाली, "त्याला बरं नाहीये." दादा संध्याकाळपर्यंत तिथेच बसला होता. नंतर कितीतरी दिवस तो सकाळी उठून त्याच खुर्चीवर येऊन बसायचा, आणि आई येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगायची. मग गणवेशातली दोन माणसं आली. त्यांनी त्याला काखेत हात घालून उचललं, तेव्हा त्याचे पाय फरशीवरून नुसते ओढले गेले. ती दाराआडून बघत होती. तिला एवढंच आठवतं की त्याच्या एका पायातला मोजा वाटेत निघाला आणि दारात पडून राहिला. तो कुणी उचलायचा हे घरात कुणालाच ठरवता आलं नाही.

त्यानंतर तिला कुणी भागूबाई म्हटलं नाही. त्या पोरवयात तिला पहिलं जे कळलं ते हेच. रात्री वीज कडाडली, ती किंचाळून आईच्या कुशीत शिरली आणि वाट बघत राहिली, आता म्हणतील, आता म्हणतील. वडील कूस बदलून झोपले. भीती हा शब्दच घरातून गेला, मेलेल्या माणसाचे कपडे देऊन टाकावेत तसा. दादा शिक्षा भोगून परत आला, चष्म्याच्या दुकानात आतल्या खोलीत काचा घासायचं काम त्याला मिळालं, आणि तिथेच तो म्हातारा झाला. वडील शेवटपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत. एकाच टेबलावर जेवताना ते आईला म्हणायचे, "त्याला मीठ हवंय बहुतेक." आई मीठ सरकवायची. वडिलांच्या शेवटच्या आजारात दादानं त्यांचं सगळं केलं, अंग पुसण्यापासून, आणि तेव्हाही ते त्याच्या हातांकडे बघत, तोंडाकडे नाही.

पाय बधिर होऊ लागले होते. आधी मुंग्या, मग काहीच नाही, आणि हे काहीच नाही सर्वांत वाईट होतं, कारण आता आपला पाय हलला तर आपल्याला कळणारही नाही असं तिला वाटू लागलं. थंडीनं अंग थरथरत होतं की भीतीनं, ते वेगळं करता येईना. थरथर स्टुलात उतरत असेल, स्टुलातून त्या गंजलेल्या कवचात. ती दात आवळून थरथर वरच्या वर, खांद्यांत अडवून धरू लागली. समोर दगडी शिपाई उभा होता. आता त्याचा चेहरा स्वच्छ दिसत होता. तोंड बंद, डोळ्यांत बुबुळं नाहीत, गालावर शेवाळाचा हिरवट डाग. हेच बघायला ती इथे आली होती. जांभळी पेन्सिल कागदाला टेकवून तिनं नाकाची रेघ ओढायला घेतली. रेघ वाकडी, करवतीच्या दातांसारखी उमटली. ती थांबली. डगमगले नाहीत हे कोरणाऱ्याला कुणी सांगितलं असेल? तो त्यांच्यात उभा होता की काय? छिन्नी-हातोडा घेऊन, गोळे पडत असताना, एकेकाच्या गुडघ्यांकडे बघत? तिला हसू फुटलं, आणि हसण्यानंही अंग हलतं हे आठवून ती इतकी घाबरली की डोळ्यांपुढे क्षणभर सगळं पांढरं झालं. मूर्च्छा आली तर? बसल्या जागी कलंडले तर? हा विचार एकदा आल्यावर जाईना. ती एक-एक वस्तू धरून राहिली. झुडूप. पिशवी. शेवाळ. लांबवर रखवालदाराची लाल टोपी. तो कबूल केल्याप्रमाणे दिसेल असाच उभा होता, आणि मधूनमधून हात वर करत होता. तिला उलट हात करता येत नव्हता, तरी तो करत होता.

गाड्या आल्या. लोकांना अडवायला पट्ट्या बांधल्या गेल्या. बॉम्बशोधक पथकातला, जाड कवचाचा पोशाख घातलेला एक माणूस तिच्या मागून, पोटावर सरपटत आला. आधी त्याचं नाक ऐकू आलं. त्याला भयंकर सर्दी झाली होती.

"मावशी, घाबरू नका म्हणणार नाही मी," तो खालून म्हणाला. "फक्त एक सांगा, बसून किती वेळ झाला? पाय जागे आहेत?"

"झोपलेत."

"हरकत नाही. उठवू त्यांना." तो ब्रशनं माती झाडत होता, त्याचा आवाज तिला स्वतःच्या कामासारखा ओळखीचा वाटला. "माझी आई म्हणते, सर्दीत गार जमिनीवर पडू नकोस. तिला अजून माहीत नाही मी नोकरी काय करतो." ब्रश थांबला. मग वेगळ्याच आवाजात म्हणाला, "आता काही बोलू नका. मी सांगेपर्यंत अशाच."

तेवढ्यात पट्टीपलीकडे गडबड झाली. टॅक्सीतून एक म्हातारा उतरला होता. घरातल्या सपाता, कोटाची बटणं एक सोडून एक चुकलेली. पोलिसानं त्याला अडवलं. तो काहीतरी विचारत होता, पोलीस मान हलवत होता. दादा. इतक्या लांबूनही तो थरथरताना दिसत होता. पट्टी दोन्ही हातांनी धरून तो उभा राहिला, आगगाडीत दांडी धरावी तसा. चौथरे, खांब, दगडी तोफा, सगळ्या मैदानाकडे त्यानं एकदा बघितलं आणि मग फक्त तिच्याकडे.

"मी आलोय गं," तो ओरडला.

थंड हवेत आवाज लांबवर जातो. तिला त्याचा श्वाससुद्धा ऐकू आल्यासारखं झालं. उत्तर द्यायचं तर बोलू नको म्हटलेलं. तो पुन्हा ओरडला, आणि या वेळी आवाज फाटला.

"भीती वाटतेय का गं?"

पोलिसांनी वळून पाहिलं. रखवालदारानं टोपी काढली. कुणाला त्यात काही विशेष वाटलं नसेल; भाऊ बहिणीला विचारतो तसंच ते विचारणं होतं. पण पन्नासएक वर्षं ज्या घरानं तो शब्द उच्चारला नव्हता त्या घरातला सर्वांत मोठा माणूस तो उघड्यावर, परक्या लोकांसमोर, त्या दगडी शिपायांच्या देखत मोठ्यानं ओरडत होता.

खालून सर्दीचा आवाज हळूच म्हणाला, "द्या उत्तर. तोंडानंच द्या फक्त."

"हो," ती ओरडली. "खूप."

"मलाही," दादा म्हणाला. "मलाही खूप वाटतेय."

एवढंच होतं बोलायचं. तिच्या लक्षात आलं की खांद्यांतली थरथर चालूच आहे, पण ती अडवून धरायचं तिनं सोडून दिलंय.

पथकातल्या माणसानं स्टुलाच्या पायांभोवती वाळूच्या पिशव्या रचल्या आणि दोन्ही हातांनी स्टूल पकडलं. "आता स्टूल माझं. तुम्ही फक्त वजन उचलून घ्यायचं. घाई नाही. पुढे वाका, हात गुडघ्यांवर, आणि उठा." ती पुढे वाकली. मनानं उठा म्हटलं. पाय उठले नाहीत. पुन्हा म्हटलं. कमरेखाली कुणीच नव्हतं ऐकायला. तिनं हुकूम दिला, विनवणी केली, आणि त्या विनवणीच्या मधोमध तिला गार चहा दिसला आणि त्यावरची साय. "होत नाही," ती म्हणाली. खालचा माणूस चिडला नाही. "होईल," तो म्हणाला. "माझे हात पक्के आहेत. दिवसभर धरीन." त्यानं दिवसभर म्हटलं म्हणूनच असेल, थोड्या वेळानं एक टाच जमिनीला लागल्याचं तिला कळलं. मग दुसरी. ती उठली कशी हे तिला नंतर सांगता आलं नाही. ती चालली, पडली, रांगली, पुन्हा चालली, आणि पट्टीपाशी दादानं तिला धरलं. किंवा तिनं त्याला. ते तिथेच रुग्णवाहिकेच्या पायरीवर बसले. कुणीतरी दोघांत मिळून एक घोंगडी टाकली.

गोळा जिवंत होता. जागच्या जागीच उडवावा लागणार होता. पोलीसबाईनं येऊन सांगितलं, "तुम्ही जाऊ शकता आता. मोठा आवाज होईल." तिनं दादाकडे पाहिलं. फटाका वाजला तर खोलीचं दार लावून घेणारा माणूस तो. "जाऊ या," ती म्हणाली.

"तू बसली होतीस त्याच्यावर," दादा म्हणाला. "थांबू या."

ते थांबले. दादा सपातांकडे बघत होता. मग, कुणी काही विचारलं नसताना, तो म्हणाला, "मी उठणार होतो त्या दिवशी."

तिनं घोंगडी त्याच्या खांद्यावर ओढली.

"खरंच उठणार होतो. कप खाली ठेवायचा, उठायचं, बॅग घ्यायची. ठरवलं होतं सगळं. बाबांना वाटलं मी ऐकत नाहीये. मी ऐकत होतो गं. पायच माझे नव्हते."

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. कालपर्यंत तर नव्हतंच.

शिट्टी झाली. दादानं कानांवर हात ठेवले, डोळे मिटले आणि डोकं गुडघ्यांत घातलं. तिनंही तेच केलं. आवाज आला तो कानांतून नाही, पायरीतून आला, हाडांतून. कावळ्यांचा थवा उठला. माती बराच वेळ पडत राहिली, पाऊस ओसरताना पडतो तशी, थांबून थांबून. तिनं डोळे उघडले तेव्हा दादा अजून तसाच होता, आणि त्याच्या तोंडून बारीक आवाज निघत होता, आणि त्यानं तो लपवला नाही. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. शिपाई जागेवर होता; चौथऱ्याच्या एका कोपऱ्याचा टवका उडाला होता, एवढंच. सर्दीवाला माणूस हेल्मेट काढून, एका गाडीला टेकून, जोरजोरात नाक शिंकरत होता.

पोलीस गाडीनं सोडतो म्हणत होते. दादाला गाडीत बसायचं नव्हतं, त्याला चालायचं होतं. फाटकातून बाहेर पडून दोघं रस्त्यापर्यंत आले, एकमेकांचा दंड धरून, दारू प्यायल्यासारखे. बस आली. तिचं दार फस्सकन उघडलं आणि त्या आवाजासरशी दोघंही एकदम मागे उडाले. तिचा पाय दादाच्या सपातेवर पडला. दोघं तसेच, एकमेकांना धरून, उघड्या दाराकडे बघत उभे राहिले. मग दादाच्या पोटातून काहीतरी वर आलं. तिला वाटलं तो रडतोय. तो हसत होता.

"चढताय का?" ड्रायव्हरनं विचारलं.

"चढतोय," दादा म्हणाला. "जरा दम धरा. आम्ही घाबरलोय."

ड्रायव्हरनं दोघांकडे नीट पाहिलं, इंजिन बंद केलं आणि थांबला.